निशिगंध : एका दिवसाचा की आठवड्याचा?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत निशिगंध पिकतो आणि तो दोन रीतींनी विकला जातो. पहाटे अंधारात फुलं खुडायची, करंडीत भरायची आणि किलोवर विकायची, ही जुनी रीत. दांडाच कापायचा, जुड्या बांधायच्या आणि काडीच्या हिशेबाने विकायच्या, ही त्यामानाने नवी. एकेरी पाकळ्यांचा निशिगंध बहुतेक सुट्या फुलांत जातो, डबल बहुतेक काडीत. शेतकऱ्याला दोन्हींत पैसा दिसतो, पण या दोन रीतींमागे फुलाकडे बघायच्या दोन वेगळ्या नजरा आहेत, आणि त्या एका घरात कशा भांडतात ते मी ऐकलं आहे.

आत्याचं सासर मिरजेचं. घरात हारांचा धंदा, आणि सुई हातात घेऊन तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. भाच्याचा मळा वाईच्या खालच्या अंगाला, धोम धरणाच्या पाण्यावर. त्याच्या काड्या पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांत जातात, लग्नसराईत मंडपवाल्यांकडे. नदी एकच, कृष्णा. एक वर राहतो, एक खाली. दोघांचं बोलणं जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत देतो. मधेमधे मला राहवलं नाही तिथे मीही बोललो आहे.

आत्या : तुझी काडी फुलदाणीत आठ दिवस उभी राहते याचं तुला कौतुक. माझ्याकडं पहाटे आलेलं फूल दुपारच्या आत हारात बसतं आणि कुणाच्या तरी गळ्यात नाहीतर देवाच्या अंगावर असतं. संध्याकाळी त्याचं काम झालं. फुलानं आणखी काय करायचं असतं?

भाचा : जगायचं असतं, आत्या. खुडलं की ते झाडापासून तुटतं, पण मरत नाही. त्याचा श्वास चालू असतो, आतली साखर जळत असते, वरच्या कळ्या मोठ्या होत असतात. निशिगंध तर तोडल्यावरही नवा वास तयार करत राहतो. फ्रान्समध्ये ग्रास म्हणून अत्तराचं गाव आहे. तिथं पूर्वी काचेवर चरबीचा थर द्यायचे आणि त्यावर जाईची नाहीतर निशिगंधाची फुलं मांडून ठेवायचे. फूल तासन् तास वास सोडत राहायचं आणि चरबी तो धरून ठेवायची. त्या चरबीतून मग अत्तर काढायचे. मेलेल्या फुलाकडून एवढं काम झालं असतं का?

आत्या : वासाचं तू मला सांगू नकोस. वास एकेरीला जास्त. तू लावतोस डबल.

भाचा : ते खरं आहे. अर्क काढायलाही एकेरीच घेतात. डबलचं फूल भरगच्च, लांबून उठून दिसतं आणि दांडा ताठ राहतो. मंडपवाल्याला वासापेक्षा ते हवं असतं. म्हणून मी दोन्ही ठेवलंय. एकेरीत 'प्रज्वल' आहे, डबलमध्ये 'सुवासिनी'. दोन्ही बंगळूरच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या. आपल्या राहुरीच्या विद्यापीठाची 'फुले रजनी' पण एकेरीत चांगली.

आत्या : 'सुवासिनी' नाव ठेवून वास येत नाही.

भाचा : येतो. तुझ्या एकेरीइतका नाही, एवढंच.

इथे मला एक सांगायचं आहे. काडी आठ दिवस टिकते असं आपण म्हणतो तेव्हा त्यातलं एकही फूल आठ दिवस टिकलेलं नसतं. निशिगंधाच्या दांड्यावर फुलं जोडीजोडीने येतात आणि खालून वर उघडत जातात. एक फूल दोन-तीन दिवस ताजं दिसतं, मग मान टाकतं. पण ते मान टाकेपर्यंत वरची जोडी उघडलेली असते. काडीचं आयुष्य म्हणजे या ओळीचं आयुष्य, आणि ओळ किती वर जाईल हे झाडावर ठरत नाही. ते कापणाऱ्याच्या हातात असतं, वाहतुकीत असतं, आणि शेवटी ज्याने काडी घरी नेली त्याच्या पाण्यात असतं. नुसत्या साध्या पाण्यात ठेवलेल्या काडीच्या कितीतरी कळ्या उघडायच्या आतच पिवळ्या पडून गळतात. माझ्या मते ही नासाडीच आहे, आणि आपल्याकडे ती घरोघर रोज होते. काडी विकत घेतो ते आठवड्यासाठी, आणि ती संपते तिसऱ्या दिवशी.

आत्या : पण मला सांग, सात दिवस पाण्यात उभं असलेलं फूल तू देवाला वाहशील का? शिळं चालत नाही. तुळस आणि बेल सोडले तर दुसऱ्या दिवशीचं निर्माल्य. आमच्या धंद्याचा पायाच तो आहे. रोज नवं लागतं म्हणून रोज खुडायचं, रोज ओवायचं. त्यावर किती घरं चालतात ते बघ. खुडणाऱ्या बायका, गाडीवाला, आडत्या, ओवणाऱ्या आम्ही, देवळापुढं बसणारी. फूल एका दिवसात संपतं म्हणून एवढ्या हातांना काम आहे. तुझी काडी आठ दिवस टिकली की आठ दिवसांत एकदाच पैसा फिरला.

भाचा : माझ्याकडंही हात लागतात. कापणारे, निवडणारे, जुड्या बांधणारे.

आत्या : किती?

भाचा : कमी लागतात, मान्य. पण सुट्या फुलाचा दुसरा हिशेब तू सांगत नाहीस. पहाटे खुडलेलं फूल आज विकलं नाही तर उद्या उकिरड्यावर जातं. आडत्यालाही ते माहीत असतं, मलाही. म्हणून पितृपक्षात तो जो भाव देईल तो घ्यावा लागतो. गणपतीत फुलाला मान, पुढं नवरात्रात परत मान, आणि मधल्या पंधरा दिवसांत कुणी विचारत नाही. झाड काही पंधरा दिवस थांबत नाही.

आत्या : मग काडी थांबते का पंधरा दिवस?

भाचा : नाही. निशिगंधाची तर नाहीच.

या उत्तराला मी मान देतो, कारण टिकाऊपणाची बाजू घेणारा माणूस सहसा इथे फुशारकी मारतो. तासगाव-सांगली भागात बेदाण्याची शीतगृहं भरपूर आहेत, आणि फुलंही तिथे ठेवावीत ही कल्पना कुणाच्याही डोक्यात येईल. पण निशिगंधाला लांबची थंडी मानवत नाही. दोन-तीन दिवसांपलीकडे थंडीत ठेवलेली काडी बाहेर काढली की उघडलेली फुलं कशीबशी बरी दिसतात, वरच्या कळ्या मात्र पुढे सरकत नाहीत. ओळ तिथेच थांबते. पांढरी शेवंती या बाबतीत फार पुढे आहे. नीट सांभाळली तर ती फुलदाणीत दोन आठवडेही काढते आणि शीतगृहातही निशिगंधापेक्षा जास्त सोसते. नुसता टिकाऊपणाच पाहायचा तर शेवंतीला निवडावं लागेल. भाच्याला आत्याने तेच सुचवलं.

आत्या : मग शेवंतीच लाव की. पांढरी, टिकाऊ. भांडण मिटलं.

भाचा : बारमाही शेवंती करायची तर पॉलिहाऊस लागतं. रात्र मोठी झाली की ती फुलावर येते, म्हणून रोप पुरेसं वाढेपर्यंत रात्री दिवे लावून तिला थोपवून धरायचं, मग काळं कापड ओढून अंधार द्यायचा. तेवढं भांडवल माझ्याकडं नाही. निशिगंध उघड्या रानात येतो. एप्रिल-मेमध्ये कांदे लावले की तीन-साडेतीन महिन्यांत दांडा येतो आणि एकदा लावलेलं पीक तीन वर्षं चालतं. मूळचं मेक्सिकोचं. वनस्पतीवाले आता त्याला घायपाताच्या जातगोतात धरतात, ते माण-खटावच्या बांधावर उन्हात उभं असतं ते. चिवट आहे. आणि खरं सांगू? शेवंतीला हा वास नाही. दिवेलागणीला रानात गेलं की मला तो लागतो.

आत्या : चिवट म्हणतोस, पण २०१९ च्या पुरात आमच्याकडं नदीकाठच्या रानातले कांदे कुजले. पाणी तीन-चार दिवस उभं राहिलं आणि संपलं सगळं. त्या साली नवरात्राला फूल बाहेरून आणावं लागलं.

भाचा : साचलेलं पाणी त्याला चालतच नाही. निचऱ्याची जमीन पाहिजे.

आत्या : आणि तुझं ते हॉटेल. तिथं काडी आठ दिवस उभी असते, पण तिच्याकडं बघतं कोण? लोक येतात, किल्ली घेतात, खोलीत जातात. माझ्या हारातलं फूल नवरीच्या गळ्यात असतं. तिच्या आयुष्यभर ते फोटोत राहतं. तेच फूल माणूस गेला की त्याच्या तसबिरीला असतं. लग्नालाही निशिगंध आणि मयतालाही निशिगंध, दुसरं कुठलं फूल हे दोन्ही करतं सांग. एक दिवस राहतं, पण त्या दिवशी त्याला जागा असते. फूल किती दिवस राहिलं त्यापेक्षा कुणासाठी राहिलं ते बघावं.

भाचा : हॉटेलवाला फूल बंद करतो तेव्हा तिथं काय ठेवतो माहीत आहे? प्लास्टिकचं. मला दोन ठिकाणी हेच सांगितलं. ताजं फूल शनिवारी चांगलं दिसतं, मंगळवारी लोंबतं, बदलायला माणूस नाही, म्हणून कायमचं आणून ठेवलं. एका मंडपवाल्याचं गोदाम तर मी बघितलंय, छतापर्यंत पांढरी कापडी फुलं. तुझा एका दिवसाचा हार प्लास्टिकला अडवू शकत नाही, कारण जिथं रोज कुणी बदलणार नाही तिथं तू पोचतच नाहीस. तिथं माझी काडीच उभी राहू शकते, आणि ती सहा-सात दिवस टिकली तरच.

आत्या : टिकण्याचीच शर्यत लावलीस तर प्लास्टिकच जिंकणार. ते दहा वर्षं टिकतं. लोकांना तूच सवय लावतोयस की जास्त दिवस ते चांगलं.

भाचा : मी सवय लावतोय पाणी बदलायची. प्लास्टिकला पाणी लागत नाही.

वादाचा खरा गाभा मला इथे दिसला. आत्याचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. टिकणं हाच एक निकष मानला तर जिवंत फूल कधीच पहिलं येणार नाही. पण भाच्याच्या शेवटच्या वाक्यात एक गोष्ट आहे जी मला जास्त पटते. काडी घरात आणली की तिच्यासाठी रोज दोन मिनिटं काहीतरी करावं लागतं. हे करणारं घर आणि प्लास्टिकचा गुच्छ धूळ झटकून परत ठेवणारं घर यांत फरक आहे. तेव्हा मी भाच्याला विचारलं की तू गिऱ्हाइकाला नेमकं काय करायला सांगतोस. तो मळ्यापासून सुरू झाला.

भाचा : आधी माझं काम. सगळ्यात खालची दोन-तीन फुलं उघडली की कापायचं. एकही उघडलं नसताना कापलं तर वरच्या कळ्या तशाच हिरव्या राहून पिवळ्या पडतात. पाच-सहा उघडेपर्यंत थांबलो तर गिऱ्हाइकाचे दोन दिवस माझ्याच रानात गेले. सकाळी ऊन चढायच्या आत कापायचं, धारदार कात्रीनं. बोथट विळ्यानं दांडा चेचला की त्यातल्या नळ्या मिटतात, मग वर पाणी चढत नाही. बादली रानातच न्यायची. कापलेली काडी बांधावर टाकून तासभर गप्पा मारल्या तर दांड्यात हवा शिरते आणि तिथंच पुढचा निम्मा आठवडा गेला. न्यायची ती उभी न्यायची, कारण आडवी ठेवली की शेंडे वर वळतात आणि जुडी वाकडी दिसते.

आत्या : हे हातातलं ज्ञान झालं. आमच्याकडंही आहे तसं. सुट्या फुलावर पाणी मारायचं नाही, डाग पडतो. पाणी फडक्याला द्यायचं, फुलाला नाही. करंडीला खाली ओलं तरटाचं पोतं, वर ओलं सुती फडकं, आणि दाबून भरायचं नाही. दाबून भरलं की मधली फुलं तापतात, हात घातला तर गरम लागतात. फ्रिजमध्ये हार ठेवणारे लोक बघते मी. पाकळ्या काळ्या पडतात आणि मग म्हणतात हारवालीनं शिळं दिलं.

भाचा : तेच म्हणतोय मी. तापलं की श्वास वाढतो, साखर लवकर संपते. तुझं फडकं आणि माझी बादली एकाच कारणासाठी आहेत.

आत्या : मग साखर घालून का ठेवत नाहीस?

भाचा : ठेवतो. लांबच्या गाडीला माल असला की रात्रभर साखरेच्या पाण्यात. लिटरला दोनशे ग्रॅम. सकाळपर्यंत दांडा ती ओढून घेतो, वरच्या कळ्यांना शिदोरी होते. घरच्या फुलदाणीत एवढी नको, लिटरला चार चमचे पुरेत, त्यात थोडा लिंबाचा रस पिळायचा. आंबट पाणी दांड्यात लवकर चढतं आणि जंतूही कमी वाढतात. पण साखर घातली की पाणी रोज बदललंच पाहिजे. नुसती साखर घालून तीन दिवस ठेवलं तर ती फुलाच्या आधी जंतू खातात, दांडा बुळबुळीत होतो, वास मारतो. ज्याला रोज बदलणं जमणार नाही त्यानं साखर घालूच नये.

या बोलण्यातून घरच्या माणसाने काय घ्यावं ते मी माझ्या भाषेत सांगतो. काडी घरी आली की आधी फुलदाणी आतून घासून धुवावी. बोट आत जात नसेल इतकी चिंचोळी असेल तर दुसरं भांडं घ्यावं, स्वयंपाकघरातला उंच डबाही चालतो. दांड्याचं टोक बोटभर, तिरकं, पाण्यात बुडवूनच कापावं, म्हणजे हवेचा बुडबुडा आत अडकत नाही. पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकावीत, कारण ती सडतात आणि पाणी खराब करतात. पाणी चार-पाच बोटं पुरे. एकाआड एक दिवस टोक पुन्हा थोडं कापावं. खालची सुकलेली फुलं हाताने काढत जावीत. पंख्याखाली, खिडकीतल्या उन्हात किंवा टीव्हीच्या गरम पाठीशी काडी ठेवू नये. आणि झोपायच्या बंद खोलीत सात-आठ काड्या एकदम ठेवू नयेत. रात्री हा वास चढतो आणि काहींचं डोकं दुखतं. ओसरी, जिना, दिवाणखान्याचा दरवाजा या तिच्या जागा.

पाण्याबद्दल मात्र सांगलीकरांना वेगळं सांगायला हवं. कृष्णाकाठच्या उसाला वर्षानुवर्षं बेसुमार पाणी दिल्याने वाळवा, पलूस, मिरज या भागांत जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि तिथल्या पुष्कळ विहिरी-बोअरचं पाणी मचूळ आहे. असं खारं पाणी दांडा नीट ओढत नाही आणि पाकळ्यांच्या कडा लवकर तपकिरी होतात. एकाच मळ्यातली काडी वाईत सहा दिवस आणि मिरजेत चार दिवस टिकली तर दोष फुलाचा नसतो. पिण्याचं गोडं पाणी वापरावं, पावसाळ्यात पागोळ्यांचं धरावं. आत्याने हे ऐकून मान हलवली. दुकानातल्या बादलीत बोअरचं पाणी असतं, हे तिने स्वतःच सांगितलं.

मग बोलणं २०२० वर गेलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा उन्हाळ्याची लग्नं तोंडावर होती.

आत्या : देवळं बंद, लग्नं बंद. आठ महिने सुई हातात नव्हती. पाडव्याला, सोळा नोव्हेंबरला, देवळं उघडली तेव्हा पहिल्या दिवशी मला फूलच मिळेना. शेतकऱ्यांनी मोडून टाकलं होतं रान.

भाचा : मी मोडलं नाही, पण कापून बांधावर टाकत होतो. दांडा कापला नाही तर कांद्याची ताकद त्यात जाते. तेव्हा कळलं की सुटं फूल एक दिवसाचं आणि काडी सात दिवसांची, पण बाजार बंद झाला की दोन्ही सारखीच. सात दिवसांनी काय होणार होतं?

आत्या : मग टिकाऊपणाचं एवढं काय घेऊन बसलास?

भाचा : कारण तो बाजारासाठी नाही. बाजाराला मी गेल्या दोन वर्षांत सुटं फूलही देतो, भाव असेल तेव्हा. काडीचं मी बोलतो ते तिच्यावर अजून वीस कळ्या असतात म्हणून. वर्षभर कांद्यात अन्न साठवून झाडानं त्या वर चढवल्या. मी कापून आणल्या. निदान त्या उघडतील एवढं पाणी तरी कुणी द्यावं.

हे वाक्य त्याने मोठ्याने म्हटलं नाही, पण आत्याच्या बोलण्याचा सूर त्यानंतर बदलला. तिने वाद सोडला नाही. ती परत शिळ्या-ताज्याच्या मुद्द्यावर आली, कारण तिचं सगळं त्यावर उभं आहे. कास पठारावरच्या पांढऱ्या गेंदांना हात लावायचा नाही, ते तिथेच बघायचे आणि परत यायचं, हे तिला मान्य आहे. ते रानाचं आहे. पण माणसाने लावलेलं फूल वाहण्यासाठी असतं, साठवण्यासाठी नाही, असं ती म्हणाली.

भाचा : मग मी तुला एक विचारतो. सोमवारी कापलेली काडी तुझ्या घरात पाण्यात उभी आहे. बुधवारी रात्री तिच्यावरची एक जोडी उघडली. तोपर्यंत ती कळी होती. गुरुवारी सकाळी आंघोळ करून तू ती खुडलीस आणि दत्ताला वाहिलीस. ते फूल शिळं की ताजं?

आत्या : काडी सोमवारची.

भाचा : फूल विचारलं मी.

आत्या : फूल त्या दिवसाचंच म्हणावं लागेल. पण झाडावरचं नाही ना ते. आम्ही शिकलो ते झाडावरून खुडून वाहायचं. तुझ्या बादलीला झाड म्हणायचं का?

भाचा : श्वास घेतंय, वाढतंय, उमलतंय. आणखी काय पाहिजे झाडाला?

आत्या : मूळ पाहिजे.

यावर भाचा काही बोलू शकला नाही, आणि मलाही उत्तर सुचलं नाही. पण आत्याच पुढे बोलली, धंद्याच्या माणसाने बोलावं तशी, हिशेबाने.

आत्या : हाराला हे चालणार नाही. एका बऱ्या हाराला दोन-तीनशे फुलं जातात, तुझी काडी दिवसाला दोन-चार देणार. दुकानात मी काडी घेणार नाही, ती सुटीच येणार, पहाटेच्या गाडीनं. देवळाचं म्हणशील तर गुरवांना विचारल्याशिवाय मी काही सांगणार नाही. घरच्या देवाला मात्र मी करून बघेन. रोज चार फुलंच लागतात. आणि दुकानातली उरलेली घरी आणायची नाहीत हा आमचा नेम आहे, म्हणून घरच्या देवाला कित्येकदा नुसती तुळस वाहते मी. हारवालीच्या देवाला फूल नाही, हे मला बरं वाटत नाही.

भाचा : दहा काड्या पाठवू?

आत्या : सहा पाठव. डबल नको, एकेरी. खालची दोन उघडलेली असू देत, तिसरं नको. आणि पैसे घ्यायचे. देवाचं फूल फुकट घेत नाही मी.

भाचा : पाणी बोअरचं घालू नकोस.

आत्या : प्यायचं घालीन. तू बुधवारी संध्याकाळच्या गाडीला दे, म्हणजे गुरुवारच्या आत पोचतील. आणि उभ्या पाठव.